‘माणसाला ऐकू येत नाही’ म्हणजे नेमकं कुणाला? उंदीर पळवणाऱ्या यंत्राचा आमच्या घरचा अनुभव

खोक्यावर ठळक छापलंय : ‘माणसाला ऐकू येत नाही. लहान मुलांसाठी सुरक्षित.’ माझं वय ६३. मला खरंच काही ऐकू आलं नाही. माझ्या नातीचं वय ९. तिला त्या आवाजानं तीन रात्री झोप लागली नाही, आणि त्या तिन्ही रात्री मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. हे यंत्र घ्यायच्या विचारात कुणी असेल तर त्यानं हे आधी वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही इचलकरंजीत राहतो. भिंतीला भिंत लागून सुताचं गोडाऊन आहे. यंदा जानेवारीत तिथली जुनी खोकी हलवली आणि त्यातले उंदीर आमच्याकडे आले. ज्वारीच्या पोत्याला भोक पडलं, साबण कुरतडला गेला, देवघरातली तुपाची वातसुद्धा रोज सकाळी गायब. विषाच्या वड्या ठेवायला मी तयार नव्हतो. एकदा माळ्यावर मेलेला उंदीर चार दिवस सापडला नव्हता, तो वास अजून विसरलेलो नाही. शिवाय मे महिन्यात नात सुट्टीला येणार होती. म्हणून हे बिनविषाचं यंत्र मागवलं. दोन नगांची जोडी ५९९ रुपयांना पडली.

वस्तू दिसायला नीटनेटकी आहे. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, पुढे बारीक जाळी, खाली लाल दिवा. सरळ प्लगात खोचायची, वायर नाही की काही नाही. त्यातून २५ हजार ते ६५ हजार हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा थरथरतं ते), म्हणजे माणसाच्या कानापलीकडचा आवाज निघतो आणि उंदीर घर सोडतात, असा दावा आहे. एक स्वयंपाकघरात लावलं, एक सोप्यात. लावल्यावर जाळीला कान लावून पाहिलं. शांत. हिला बोलावलं, तिनंही कान लावला. शांत. दिवा लागतोय म्हणजे काम करतंय असं धरून आम्ही झोपलो. एप्रिलचे शेवटचे दहा दिवस असेच गेले.

मग नात आली. ती मधल्या खोलीत झोपते, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. पहिल्या रात्री अकराच्या सुमारास उठून आली.

“आबा, काहीतरी वाजतंय.”

“पंखा असंल बाळा. बेअरिंग गेलंय त्याचं.”

“पंखा नाही. चिंऽऽ करतं, मग थांबतं, परत चिंऽऽ करतं.”

मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. फ्रीजची घरघर, घड्याळाची टिकटिक, लांबवर मागांचा खडखडाट. बाकी काही नाही. तिला परत निजवलं. दुसऱ्या रात्री ती डोक्यावर उशी घेऊन झोपलेली दिसली. तिसऱ्या रात्री रडायला लागली आणि तिची आई तिला रागावली, की नाटकं करू नकोस, आबांना त्रास देऊ नकोस. मीही काही बोललो नाही. ज्या घरात सगळी मोठी माणसं सांगतायत की आवाज नाही, तिथे एकटं पोर काय करणार?

बोलली ती आमची ही. “अवो, पोर खोटं कशाला बोलंल? तुम्ही तिला विचारा तरी, कुठनं येतंय ते.”

सकाळी विचारलं. नात उठली, स्वयंपाकघरात गेली आणि बोट सरळ त्या पांढऱ्या डबीकडे. मग सोप्यात जाऊन दुसऱ्या डबीपाशी उभी राहिली. म्हणाली, “ही नाही वाजत. तीच वाजते.”

या वाक्यानं मी हललो. दोन्ही डब्या सारख्या, दोन्हींचे दिवे लागलेले. नाटक करणारं पोर दोन्हींकडे बोट दाखवेल. एकीलाच दोष देते म्हणजे तिला खरंच काहीतरी ऐकू येतंय.

तरी खात्री करायची म्हणून रीतसर परीक्षा घेतली. तिला अंगणाच्या बाजूला पाठ करून खुर्चीवर बसवलं. डबीच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. बटणाचा टकटक आवाज तिला कळू नये म्हणून लांब वायरचा बोर्ड घेऊन मागच्या खोलीतून चालू-बंद करत होतो. चालू करायचं की बंद, ते नाणं उडवून ठरवायचो. सूनबाई तिच्याजवळ वही घेऊन बसली, हिनं माझ्याजवळ दुसऱ्या वहीत लिहिलं. वीस वेळा केलं. नंतर दोन्ही वह्या जुळवल्या. विसापैकी वीस बरोबर.

सूनबाईनं वही मिटली आणि पोरीला जवळ घेतलं. मी डबी प्लगातून काढली. त्या रात्री नात साडेनऊला झोपली ती सकाळी सातलाच उठली.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे मला हे एवढं का लागलं ते कळेल. मी टीव्ही मेकॅनिक. १९८४ साली दुकान घातलं, ब्लॅक अँड व्हाइट सेटांच्या भरात. त्या काळच्या प्रत्येक टीव्हीला एक बारीक शिट्टी असायची. आपल्याकडची पद्धत ६२५ रेषांची, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला की १५,६२५. सेकंदाला इतक्या रेषा पडद्यावर ओढल्या जायच्या आणि त्यासाठी जो ट्रान्सफॉर्मर लागायचा, ज्याला आम्ही ईएचटी म्हणतो, त्याचा गाभा आणि वेटोळी त्याच गतीनं थरथरायची. तीच ती शिट्टी. माझं अर्धं काम कानानं चालायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, आवाज येतो पण पडदा काळा. मी मागचं झाकण उघडायच्या आधीच सेट लावून ऐकायचो. शिट्टी असली तर लाइन सेक्शन, म्हणजे रेषा ओढणारा भाग, जिवंत, दोष पुढे कुठेतरी शोधायचा. शिट्टी नसली तर पहिला संशय लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरवर, बीयू २०५ नाहीतर रंगीत सेटात बीयू ५०८. शिट्टीचा सूर घसरलेला असला तर लाइनची फ्रिक्वेन्सी हललेली. रस्त्यानं जाताना कुणाच्या घरी टीव्ही लागलाय, आवाज बंद असला तरी, ते मला कळायचं.

२००५ च्या आसपास एक दिवस दुकानातला पोऱ्या म्हणाला, “सेट चालू झाला की.” मी सेटासमोर बसलो होतो आणि मला शिट्टी आली नव्हती. वय ४३. त्या दिवशी मला वाटलं सर्दी असेल. नंतर सर्दी नसतानाही आली नाही. मग मी निऑन टेस्टर वापरायला लागलो. ईएचटीजवळ नुसता धरला, टेकवला नाही, तरी आतला निऑन नारिंगी उजळतो. काम अडलं नाही. पण वीस वर्षं जे आपोआप कळत होतं ते आता हातात टेस्टर घेऊन बघावं लागायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा नाही.

म्हणून ही परीक्षा झाल्यावर दुपारी मी माळ्यावरून जुना चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल काढला. झाडून पुसून, आतली धूळ ब्रशानं काढून, कपॅसिटर तपासून लावला. प्रक्षेपण आता कुठलं, पडद्यावर नुसत्या मुंग्या. नात दाराशीच थबकली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली, “हा पण वाजतो! पण हा थांबत नाही.” मी टेस्टर ईएचटीजवळ धरला. उजळला. मग सेटाच्या मागचा लाइन होल्ड, म्हणजे रेषांची गती बदलणारा नॉब, हळूहळू फिरवला आणि तिला म्हटलं, आवाज वर गेला तर हात वर कर, खाली गेला तर खाली. तिचा हात माझ्या बोटांबरोबर वर-खाली होत होता. मी नॉब अर्धा फिरवला, हात कमरेपर्यंत आला. उलटा फिरवला, हात डोक्याच्या वर. मला फक्त तिचा हात दिसत होता. पाच-सात मिनिटं आम्ही तेच करत बसलो. मग तिला त्रास होऊ नये म्हणून सेट बंद केला.

आता यंत्राच्या पोटात काय आहे ते. (घरी कुणी हे उघडू नका. आत ट्रान्सफॉर्मर नाही, कपॅसिटरमधून वीज उतरवलेली आहे, म्हणजे सगळं सर्किट थेट मेन लाइनवर जिवंत आहे. मी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून तपासलं.) एक आठ पायांचा आयसी, नाव घासून टाकलेलं. दोन-चार रेझिस्टर, साधे सिरॅमिक कपॅसिटर आणि पुढे एक पीझो चकती, म्हणजे वीज दिली की थरथरून आवाज काढणारी. बस. आवाज एका पट्टीत नसतो, खालून वर चढतो, परत खाली येतो. उंदरांना सवय होऊ नये म्हणून, असं माहितीपत्रकात लिहिलंय.

पीझोच्या दोन टोकांवर माझा जुना सीआरओ, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावला. पडद्यावरच्या एका घराला १० मायक्रोसेकंद ठेवले. स्वयंपाकघरातल्या डबीची लाट सर्वांत पसरट असते तेव्हा सहाला थोडी कमी घरं घेते, ५८ मायक्रोसेकंद. एका सेकंदाला त्यानं भागलं तर सव्वासतरा हजार हर्ट्झ. तिथून चढत ४० हजारांच्या आसपास जाते आणि दर तीन सेकंदांनी परत खाली येते. नातीचं ‘चिंऽऽ, मग थांबतं, परत चिंऽऽ’ म्हणजे अगदी हेच. खाली आली की तिला ऐकू येणार, वर गेली की तिच्याही कानापलीकडे जाणार. सोप्यातली डबी लावली तर तिची लाट सर्वांत खाली साडेवीस हजारांना थांबते. ती नातीला ऐकू येत नाही. दोन्ही एकाच खोक्यातल्या, एकाच कंपनीच्या. स्वस्त कपॅसिटर लावले आणि एकेक नग मोजून पाहिला नाही की असंच होणार. २५ हजारांच्या खाली यायचं नाही असं खोक्यावर छापलंय. दोनपैकी एकही डबी ते पाळत नाही.

ज्यांच्याकडे सीआरओ नाही त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप फुकट मिळतं. फोनचा माइक साधारण २० हजारांपर्यंतचं टिपतो. डबीसमोर फोन धरला की १७ हजारांपाशी एक सुळका उठतो, सरकत सरकत उजवीकडे जाऊन पडद्याबाहेर निघून जातो आणि तीन सेकंदांनी परत येतो. मी तो व्हिडिओ मुलाला पाठवला. तो पुण्याहून शनिवारी आला, डबीला कान लावून बसला. त्याचं वय ३६. त्याला काही नाही. सूनबाई ३२ ची, तिला कान अगदी जाळीला लावला तर ‘काहीतरी टोचल्यासारखं’ वाटलं. शेजारचा दहावीतला मुलगा दही मागायला आला होता, त्यानं उंबऱ्यातच विचारलं, “आबा, काय चालू केलंय?”

एका घरात पाच वयं, आणि त्यातली अर्धी माणसं त्या डबीसाठी बहिरी.

याचं कारण माझ्या कानाच्या डॉक्टरांनी मागे एकदा कागदावर काढून दाखवलं होतं. आत गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्या लांबीवर केसाळ पेशींच्या रांगा, प्रत्येक कानात बाहेरच्या साधारण १२ हजार आणि आतल्या साडेतीन हजार. बारीक, टिपेचा आवाज ओळखणाऱ्या पेशी अगदी दाराशी, आणि खर्ज ओळखणाऱ्या आत, शंखाच्या टोकाला. कुठल्या आवाजानं त्या नळीतला पडदा कुठे सर्वांत जास्त हलतो ते गेओर्ग फॉन बेकेशी यांनी शोधलं आणि त्यांना त्यासाठी १९६१ चं नोबेल मिळालं. वय वाढतं तशा दाराशी असलेल्या पेशी आधी जातात. गेलेली पेशी परत येत नाही. जन्मतः २० हजारांपर्यंतचं कान ऐकतो, मग वरचा एकेक हजार मिटत जातो, आणि त्या पट्टीत कुणी बोलत नाही म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही.

माझी श्रवणचाचणी झालेली आहे. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली, असा तो आलेख असतो. ४ हजारांपर्यंत माझी रेघ बरी आहे, ८ हजारांना खाली उतरते. आणि नेहमीचा आलेख ८ हजारांनाच संपतो. म्हणजे ज्याला डॉक्टर ‘कान चांगले आहेत’ असं सांगतात तो माणूससुद्धा १७ हजारांना पूर्ण बहिरा असू शकतो. यात कुणाची चूक नाही, चाचणी बोलणं कळतंय का ते पाहण्यासाठी असते. पण असा माणूस जर कारखान्यात बसून ‘आवाज येत नाही, पास’ असा शिक्का मारत असेल तर ती चूक आहे.

आमच्या गावात तर हे जास्तच. माझे वडील माग चालवायचे. मागाच्या खडखडाटानं जे कान जातात त्यात पहिला खड्डा ४ हजारांच्या आसपास पडतो. त्यांना हाक ऐकू यायची पण ‘सात’ म्हटलं की ‘हात’ म्हटलं ते कळायचं नाही, कारण ‘स’चा सगळा जीव वरच्या पट्टीत असतो. माणसं त्यांच्याशी मोठ्यानं बोलायची; त्यांना मोठ्यानं नको होतं, स्वच्छ हवं होतं. गावात निम्मी घरं अशी आहेत. अशा घरात हे यंत्र लावलं तर आजोबांना नाही, बापाला नाही, आईला कदाचित नाही, आणि पाळण्यातलं मूल मात्र रात्रभर किरकिरतंय. त्याला तर बोटही दाखवता येत नाही. मला सारखं तेच डोळ्यांसमोर येतं.

ही पट्टी तरुण कानाला किती सलते याचा पुरावा बाहेरदेशी मिळेल. वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ साली ‘मॉस्किटो’ नावाचं यंत्र काढलं. दुकानाच्या दारात घोळका करून उभ्या राहणाऱ्या पोरांना हटवण्यासाठी. मोठ्या गिऱ्हाइकांना कळत नाही, पोरं मात्र तिथे थांबू शकत नाहीत. त्याची पट्टी १७,४०० हर्ट्झच्या आसपास. २००६ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या कामांना दिलं जाणारं गमतीचं बक्षीस, मिळालं. पोरांनी तोच आवाज फोनच्या रिंगटोनला लावला, म्हणजे वर्गात फोन वाजला तर मास्तरांना कळू नये. आता माझी डबी बघा : सव्वासतरा हजार. लहान माणसांना हुसकावण्यासाठी जी पट्टी मुद्दाम निवडली गेली, जवळजवळ तीच आम्ही ५९९ रुपये देऊन नातीच्या उशाशी लावली होती.

उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेत हॉटेलच्या झोपायच्या खोल्यांत आगीची सूचना देणारा भोंगा ५२० हर्ट्झला, म्हणजे खालच्या पट्टीत, वाजला पाहिजे असा नियम केला, कारण नेहमीचा तीन हजारांच्या पुढचा चिरका आवाज वरची पट्टी गेलेल्या माणसाला झोपेतून उठवत नाही असं दिसून आलं. म्हणजे मनात आणलं तर कुणाचा कान कुठवर पोचतो याचा विचार करून वस्तू बनवता येते. आमचा थर्मामीटर, हातातलं घड्याळ, सगळं चार हजारांच्या आसपास टीं टीं करतं. हिला थर्मामीटरची टीं येत नाही, ती पाच मिनिटं मनात मोजते. तेही कुणीतरी तरुण कानानंच पास केलं असणार.

विक्रेत्याला फोन केला. परत घ्यायची मुदत दहा दिवसांची, ती संपलेली. फोनवरची मुलगी नम्र होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. तिनं वर विचारून सांगितलं, “सर, आमच्या टीमनं चेक केलंय, ह्यूमन इयरला आवाज येत नाही.” मी विचारलं, चेक करणाऱ्यांचं वय काय? तिला ते सांगता आलं नाही. मी सीआरओचे फोटो आणि स्पेक्ट्रमचा व्हिडिओ पाठवला, दोन्ही डब्यांचे आकडे लिहून दिले. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असा मेसेज आला. त्याला आता पाच आठवडे झाले. पैशांचं मला काही नाही. खोक्यावरचं ते वाक्य बदललं पाहिजे, आणि एकेक नग मोजून बाहेर पाठवला पाहिजे, एवढंच मी मागितलं होतं.

आता उंदरांचं. यंत्र त्यासाठीच घेतलं होतं, म्हणून तेही प्रामाणिकपणे सांगतो. पहिले दोन दिवस खुडबुड कमी वाटली. पाचव्या दिवशी सकाळी डबीच्या बरोबर खालच्या फडताळात ताज्या लेंड्या. दहाव्या दिवशी पोत्याला नवं भोक. उंदराला ८० हजारांपर्यंतचं ऐकू येतं, ते आपापसातसुद्धा आपल्याला न कळणाऱ्या पट्टीत बोलतात, तेव्हा त्यांना डबी ऐकू येत असणारच. पण इतका बारीक आवाज भिंतीतून जात नाही, कपाटाच्या मागे वळत नाही, हवेतच लवकर विरतो. पोत्यामागे बसलेल्या उंदराला त्याचं काय? आणि समोर असला तरी चार दिवसांत सरावतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे गिऱ्हाइकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००१ सालीच अशा यंत्रांच्या साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं, की दाव्यांना शास्त्रीय आधार ठेवा. हे मला आधी माहीत असतं तर ५९९ रुपये वाचले असते आणि नातीच्या तीन रात्रीही.

एक गोष्ट मात्र घडली. मागच्या अंगणात एक बोकी यायची, दूध-भाकरीसाठी. एप्रिलअखेरपासून ती स्वयंपाकघराच्या दारात यायची बंद झाली होती. मांजराला उंदराची चाहूल लागावी म्हणून देवानं फार वरच्या पट्टीचे कान दिलेत. डबी काढल्यावर आठवड्यानं ती परत आली. डबीमुळेच गेली होती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण मला तसं वाटतं.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. मोरीच्या पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली. गोडाऊनच्या बाजूच्या भिंतीत, सिलिंडरच्या मागे, अंगठा जाईल एवढी दोन भोकं सापडली. त्यात तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावलं. नुसतं सिमेंट ओलं असताना उकरतात, तार असली की दात लागत नाही. ज्वारी पत्र्याच्या पिंपात गेली. बाजारातून साधा पिंजरा आणला, १५० रुपयांचा, आणि आकडीला सुकटाचा तुकडा लावला. पहिल्या आठवड्यात चार सापडले, दुसऱ्यात एक. गोडाऊनवाल्यांना सांगून खोकी भिंतीपासून हातभर लांब सरकवून घेतली, ते भले गृहस्थ, लगेच केलं.

यंत्राला पाचापैकी एकही तारा देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तरी ज्यांनी आधीच घेतलंय त्यांना एक विनंती. घरात पंचविशीच्या आतलं कुणी असेल तर त्याला डबीपाशी नेऊन विचारा, आणि ते जे सांगेल ते खरं माना. तान्हं मूल असेल तर विचारायची वाट बघू नका, काढून ठेवा. हे फक्त या डबीपुरतं नाही. स्वस्तातले मोबाइल चार्जर, एलईडी बल्ब, तेही असेच वाजतात. नातीनं जायच्या आधी सगळ्या घरातून फिरून मला एक चिठ्ठी करून दिली. मधल्या खोलीतला चार्जर ‘खूप वाजतो’, देवघरातला बल्ब ‘थोडा’, इन्व्हर्टर ‘फक्त रात्री’, सोप्यातला पंखा ‘नाही, पण कुरकुरतो’.

चार्जर आणि बल्ब मी बदलले. इन्व्हर्टर या रविवारी उघडणार आहे. पंख्याचं बेअरिंग काल घातलं.